कोपरा फाटलेलं कार्ड

पळसगाव, ता. साकोली
२९ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. पंचफुलास रुक्माताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद वि. वि.

तुमचा ट्रक भिलाईला सुखरूप पोचला असेल. एवढ्या जोरात पळाला, तो न पोचून करतो काय.

तूच लिहिलं होतंस ना, की नागपूरला दीक्षाभूमीवर दसरा करू, मग अजिंठा-वेरूळची लेणी पाहू आणि परत येताना ट्रक तुझ्या दारावरूनच जाणार, तेव्हा अर्धा दिवस थांबू. सगळ्यांना जेवू घाल म्हणालीस. मी तीस माणसांचा भात, वरण, वांग्याची भाजी आणि वडे केले. यांनी धानाची कापणी एक दिवस बंद ठेवली. माय तर पहाटेच अंघोळ करून बसली. तिची बाज आम्ही सडकेच्या कडेला मोहाच्या झाडाखाली नेऊन टाकली. तिला आता माणसाचा आकार तेवढा दिसतो, पण ट्रकचा आवाज आमच्या आधी तिलाच आला. ती काठी न घेताच उठून उभी राहिली.

आणि तुमचा ड्रायव्हर देवराव भोंगा वाजवत निघून गेला. मागे फळीला धरून जावईबापू उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. हात जोडायला सवड होती, उतरायला नव्हती. तू तर दिसलीही नाहीस. आत तोंड लपवून बसली असशील.

माय विचारू लागली, गाडी थांबली का. मी म्हटलं, पुढं वळवायला गेली आहे. ती बिचारी दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिली. वडे गावानं खाल्ले आणि तुला नावंही गावानंच ठेवली. खरंच आहे, तू आता भिलाईवाली. नळाचं पाणी पिणारी. आमच्या विहिरीचं पाणी तुला कसं मानवणार. रत्नमाला दोन वर्षांची झाली, तिच्या आजीनं अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही, याचं तरी काही वाटायला हवं होतं.

मला राग आला आहे. रागाच्या खाली दुसरंही काही आहे, पण ते लिहायला बसले तर शाई फुटेल. तू उत्तर पाठवलंस तर वाचेन, नाही पाठवलंस तरी वाट पाहीन.

लोभ तुझ्याकडे किती उरला आहे ते तूच मोजून कळव.

तुझी ताई
रुक्मा


कॅम्प-१, भिलाई
३० ऑक्टोबर १९६१

ती. रुक्माताईंना आनंदरावचा सप्रेम जयभीम वि. वि.

परतीच्या वाटेवर अकोल्याच्या पुढे पंचफुलाला ताप भरला. नागपूरच्या डॉक्टरांनी मोतीझरा, म्हणजे टायफॉइड सांगितला. आजारपण लांबणारं आहे, आपल्या दवाखान्यात न्या, वाटेत कुठं थांबू नका, असं म्हणाले. म्हणून पळसगावला थांबलो नाही. ती ताडपत्रीखाली निजून होती. ताईचं गाव आलं का, असं सारखं विचारत होती. मी दर वेळी म्हटलं, अजून लांब आहे. कळलं असतं तर ती उतरलीच असती. सध्या ती कारखान्याच्या दवाखान्यात आहे, आज ताप थोडा उतरला. मायला जपून सांगावं. रत्नमाला शेजारच्या भागीरथाबाईंकडे आहे.

कार्डाचा कोपरा गेला आहे. वॉर्डाचा नंबर भागीरथाबाईंना लिहून द्यायला दुसरा कागद हाताशी नव्हता. ड्यूटीचा भोंगा झाला, तसंच टाकतो. चालवून घ्यावं.

आपला
आनंदराव


पळसगाव
७ नोव्हेंबर १९६१

श्री. आनंदराव यांस रुक्माचा जयभीम.

तुमचं कार्ड आलं. आम्ही सगळे बांधीत धान कापत होतो, म्हणून ते मायच्या हाती पडलं. भिलाईचं आहे एवढंच पोस्टमन बोलला आणि पुढच्या गावाला गेला. मायला अक्षर येत नाही, पण तिच्या बोटांना कोपरा फाटलेला लागला. तसलं मयताच्या खबरेचं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, घरात ठेवत नाहीत. तिनं ते बाहेरच्या बाहेर फाडलं आणि नाल्यात टाकून दिलं. मी आले तेव्हा ती अंगणात पाय पसरून बसली होती. म्हणे, आपली फुला गेली, मले म्हातारीले ठेवून गेली.

आता कळलं ट्रक का थांबला नाही. तुम्ही हात का जोडले तेही कळलं. आमच्या दारावरून तुम्ही तिला तशी नेत होता आणि मी भाताची परात घेऊन तुम्हाला शिव्या देत उभी होते. तिचं तोंड शेवटचं पाहू दिलं नाहीत, याचा राग मी धरणार नाही. त्या वेळी तुमचं काळीज ठिकाणावर कुठं असेल.

मी तिच्या नावानं एक पत्र टाकलं आहे. आलं असेल तर उघडू नका, जाळून टाका. तिच्यावर रागावलेली अशी मी शेवटची राहू नये.

समाजाची माणसं काल आमच्याकडे जमली. सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. माय म्हणाली नाही, नुसती बसली. तिच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नाही.

एक मागते. रत्नमालेला माझ्याकडे द्या. तुमची शिफ्टची नोकरी, पोर शेजाऱ्यांकडे किती दिवस ठेवाल. माझ्या पोरांत एक ती. मायच्या मांडीवर तिला ठेवली तर माय कदाचित दोन घास खाईल. कापणी उरकली की हे तिला न्यायला येतील. नाही म्हणू नका.

तुम्ही जेवत जा. आमच्या घराशी तुमचं नातं होतं तसंच राहील.

रुक्मा


कॅम्प-१, भिलाई
१२ नोव्हेंबर १९६१

ती. रुक्माताईस पंचफुलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

ताई, मी आहे. हे अक्षर माझंच आहे. निजून पेन्सिलीनं लिहिते आहे, म्हणून ओळी नाल्यासारख्या वाकड्या गेल्या आहेत. बाबांनी आपल्या दोघींना एकाच पाटीवर मुळाक्षरं शिकवली, तेव्हा तू तरी माझा 'क्ष' ओळखशील. यांनी तुझं पत्र वाचलं त्याच पावली तार केली. ती पोचली असेलच.

तुझं पत्र यांनी वाचलं तेव्हा हे खाली बसले. मला वाटलं आता यांनाही ताप आला. मग पत्र माझ्या हातात दिलं. माझ्या मरणाची बातमी मीच वाचली. तुझं आधीचं पत्र यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, तेही मी मागून घेतलं. एकात तू भांडतेस, दुसऱ्यात रडतेस. मला भांडणाचं जास्त बरं वाटलं, तेच उशाशी ठेवलं आहे.

कोपऱ्याचं म्हणशील तर हे स्वतःला इतकं बोलून घेतात की मला काही बोलायला जागाच उरत नाही. कारखान्यात कोक ओव्हनवर सगळे कशाचाही तुकडा फाडून त्यावर नंबर लिहितात, तीच सवय. पण ताई, मी त्यांच्याशी त्याआधीच भांडले होते. ताडपत्रीखाली मला उजेड-अंधार कळत नव्हता. ताईचं गाव आलं का म्हटलं की हे म्हणत, अजून लांब आहे. मग लोकांचा आवाज आला की दुर्ग आलं. तेव्हा समजलं की तुझं गाव मागं राहिलं. मी दवाखान्यात दोन दिवस त्यांच्याशी शब्द बोलले नाही. तापानं माझी वाचा गेली असं वाटून त्यांनी डॉक्टरांना बोलावून आणलं.

परवा मला घरी सोडलं. पेज, मुगाचं पाणी आणि पडून राहणं, एवढंच चालतं. हा ताप उलटतो म्हणतात, म्हणून दारापर्यंतही जायची मनाई आहे, मग गाडीत बसायचं नावच नको. माझे केस मूठमूठ येतात. भागीरथाबाई पेज करून देतात, चांगली करतात, पण ती गिळताना मला मायचीच आठवण येते. आपल्या घरी ताप आला की माय पेजेत थोडं मीठ जास्त टाकायची आणि आपण तोंड वाकडं केलं की आपल्यावरच डोळे काढायची. दिवसभर मी भोंगे मोजते आणि छपराकडे पाहते. तुम्ही सगळे सडकेवर उभे होता, आणि मी हाताच्या अंतरावरून गेले. ते मनातून जात नाही.

रत्नमाला तुला मिळणार नाही. हवी असेल तर मी पुन्हा मरून दाखवावं लागेल.

मायला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. माझ्या नावानं त्रिसरण म्हणणाऱ्यांना माझा जयभीम सांग.

मायेत कमी पडू देऊ नको. इथं सध्या तेवढंच पथ्याला चालतं.

तुझी
फुला


पळसगाव
१९ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. पंचफुलास अनेक आशीर्वाद. तू आहेस.

तार आली तेव्हा तिला कोणी हात लावेना. आता आणखी कोण गेलं, असं म्हणून मी घरात जाऊन बसले. शेवटी शाळेचे मास्तर आले, त्यांनी इंग्रजी वाचलं आणि हसायला लागले. मला त्यांचा इतका राग आला. मग त्यांनी मराठीत सांगितलं, तू आहेस म्हणून. त्यानंतर तुझं पत्र आलं. तुझा 'क्ष' अजून तसाच, पोट पुढं काढलेला. मी ते घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं आणि मग बैलांनाही सांगितलं.

पण माय मानत नाही. तिच्या मते तिनं जेवावं म्हणून आम्ही हे रचलं आहे. तार मास्तरांची आणि पत्र माझ्या पदरचं. मी तिला तुझी पेजेची गोष्ट वाचून दाखवली, तर म्हणे, थे तर तुले बी मालूम हाय. म्हणे, कागदानं मारली अन् कागदानंच जिती केली, मी कागदाले मानत नाही. मले पोरीच्या तोंडाले हात लावू द्या, मंग मी मानतो. तू येऊ शकत नाहीस हे सांगितलं तर तिला ते आणखीच पटलं. म्हणे, पाहा, येत नाही ना.

ती दिवसातून चार घास खाते, तेही मी रडले की. असं किती दिवस निभेल ते मला कळत नाही. म्हणून हे तिला घेऊन निघताहेत. सौंदडहून छोट्या गाडीनं गोंदिया आणि तिथून दुर्ग. ती जन्मात रेल्वेत बसलेली नाही. काल विचारत होती की गाडीत चप्पल काढायची का.

मी येत नाही. धान खळ्यावर पडलं आहे, राखायला घरचं माणूस हवं. मला यायचं नाही असं समजू नको. मी तीस माणसांचा स्वयंपाक करून सडकेवर उभी राहिले ती काही देवरावासाठी नाही.

तिला सांभाळ. डोळ्यांना दिसत नाही तरी ती सगळं पाहते. माझ्या वाटणीचा लोभ तिच्याबरोबर पाठवते आहे, उतरवून घे.

तुझी
ताई


कॅम्प-१, भिलाई
१० डिसेंबर १९६१

ती. रुक्माताईस पंचफुलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

भाऊजी धानासाठी दुसऱ्याच दिवशी परतले, त्यांनी थोडंफार सांगितलं असेल. पण ते बाहेर यांच्याशी बोलत उभे होते, घरात काय झालं ते मीच सांगते.

माय आली आणि सरळ माझ्या बाजेशी बसली. तिनं आधी माझ्या डोक्याला हात लावला. डोक्यावर आता केस नाहीतच म्हटलं तरी चालेल. तिनं हात मागं घेतला. मग गाल चाचपले, तर तेही बसलेले. तिचा चेहरा असा झाला की मला भीतीच वाटली. ती उठायला लागली. दाराकडे तोंड करून लहानूभाऊजींना हाका मारू लागली की थे माही पोरगी नाही, कोणाच्या घरी आणलं मले. ताई, माझ्या अंगात बसायची ताकद नव्हती, पण इतका संताप आला. मी तिला म्हटलं की पोर मरता मरता वाचली तर म्हातारीला केस हवेत, आणि एवढ्या लांबून आली ती चिखलाचे पाय घेऊन माझ्या सारवलेल्या घरात फिरते आहे. ती थांबली. खाली बसली. म्हणे, हो, थेच हाय. मग तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघी इतक्या रडलो की भागीरथाबाई धावत आल्या.

त्या दिवसापासून चूल तिच्या ताब्यात आहे. पेजेत मीठ जास्तच असतं. रत्नमाला तिच्या मांडीवरून उतरत नाही आणि तिच्यासारखं मले-तुले बोलायला शिकली आहे. वाळत घातलेल्या लुगड्यावर रोज लाल धूळ बसते, ती माय चाचपून ओळखते आणि कारखान्याला नावं ठेवते. तरी शिफ्टचा भोंगा झाला की हातातलं काम थांबवून ऐकते. जेवते, दोन्ही वेळा जेवते. तेवढी तरी तू निश्चिंत हो.

पण पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं आहे की तू बरी झाली का मी जातो, रुकी एकटी हाय. आणि इथं ती रोज तुझ्याच गोष्टी सांगते. काल पोळी लाटताना म्हणे, एकीपाशी गेलं का दुसरी दूर, कोणापाशी रायचं मी. तिकडे होती तेव्हा ती माझ्यासाठी जेवत नव्हती, आणि इथं माझ्यापाशी बसून तुझी वाट पाहते. मलाही आता तिच्यासारखंच झालं आहे. माय मिळाली तर तुझी ओढ दुप्पट वाढली.

सोमवारी मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता काहीही खा, कुठंही जा, पुन्हा दाखवायला यायचं कारण नाही. यांनी तिथंच मोठ्यानं बरं झालं म्हटलं. मी वाटेत त्यांना बजावलं की घरी बोलायचं नाही. घरी आले आणि मुकाट्यानं बाजेवर पडले. मायनं विचारलं तर म्हटलं, अजून अशक्तपणा आहे, पडून राहायला सांगितलं आहे. तिनं माझ्या अंगावर चादर ओढली आणि चुलीवर पेज टाकली.

खळं उरकलं की तू निघ. तू येईपर्यंत मी बरी होत नाही.

तुझी अजून आजारी
फुला