छाप थोरल्याला, कात्र्या इतरांना

सही करायला मी पेन टेकवलं होतं. वकील मृत्युपत्राचा मसुदा मोठ्याने वाचत होते, "आणि कात्रीवरील छाप, तिच्या नावलौकिकासह, थोरल्या मुलास," आणि मी पेन उचललं. म्हटलं, "एवढं वाक्य परत वाचा." त्यांनी वाचलं. टाइप केलेले कागद मी उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर हे लिहायला घेतलं. वकील म्हणाले, "काकू, असं चालत नाही." मी विचारलं, "कायद्यानं?" ते म्हणाले, "कायद्यानं चालतं. पण असं कोणी करत नाही." कायद्यानं चालतं, तेवढं मला पुरे आहे.

मी कात्र्या जोडते. आधी नवऱ्याच्या भट्टीवर, त्याच्यामागे माझ्या. हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी माझा हात धरलेला नाही, दाराआड कोणी उभं नाही. पोटातली गाठ कापण्यापलीकडे गेली आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. कापण्याच्या बाबतीत मी सहसा दुसऱ्याचं ऐकत नाही. या वेळी ऐकलं. याआधी माझ्या हातचं काही लिहिलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

१. घर, म्हणजे कारखान्यामागच्या खोल्या आणि माळा, धाकट्या मुलीला. ती परगावी शिकवते. ती विकणार हे मला माहीत आहे. विकावं. घेणाऱ्याला जिन्याची मधली पायरी सैल आहे, एवढं आधी सांगावं. तिने कात्रीच्या धंद्याला हात लावला नाही, त्याचा मला राग नाही. तिचा बाप धार लावता लावता गेला. सहाणेची धूळ छातीत बसत बसत शेवटी श्वासाला जागा उरली नाही. तेव्हापासून चाक सुरू झालं की ती दार लावून घ्यायची. ते दार अजून नीट लागतं.

२. बँकेतली शिल्लक दवाखान्याचं बिल भागवून उरली तर तीही धाकटीला. उरणार नाही.

३. भट्टी, ऐरण, घण, कानशी आणि धारेचं चाक धारवाल्याला. तो आमच्याकडे आला तेव्हा नवरा होता. नवरा गेल्यावर तो दुसरीकडे जाईल असं सगळी गल्ली म्हणत होती. तो गेला नाही. आता तोही खोकतो. तोंडाला फडकं बांध म्हणून मी आयुष्यभर कानीकपाळी ओरडले. तो म्हणतो, "काकू, बांधलं तर खोकायचं कुठे?" त्याने हे सामान विकलं तरी माझी हरकत नाही. घेणारा भेटला तर मला कळवावं असं लिहिणार होते, पण तशी सोय नाही.

४. जोडणीची लहान हातोडी. ही कोणाला द्यावी हे मला सुचलेलं नाही. शिकायला कोणी आलं नाही. जोडणी म्हणजे काय, हे वकिलांनी विचारलं म्हणून लिहिते. कात्रीची दोन पाती सरळ दिसतात, पण सरळ नसतात. प्रत्येकीला थोडा बाक असतो, आणि तो एकमेकींकडे असतो. कात्री मिटत जाते तेव्हा पाती एका वेळी एकाच ठिकाणी टेकतात, आणि ते टेकणं खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातं. कापड तिथे कापलं जातं. हा बाक हातोडीने, डोळ्याने आणि कानाने द्यायचा असतो. एका पातीची जोडी दुसरीशी एकदा लागली की तिसरीशी लागत नाही. म्हणून खिळा बसवण्याआधी दोन्ही पातींवर आतल्या बाजूला कानशीचा सारखाच ओरखडा काढतात. त्याला आम्ही जोडखूण म्हणतो. खिळा बसला की ती झाकली जाते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नाही. हातोडी धारवाल्याकडेच राहू द्यावी.

५. छाप. हे कलम लांबेल.

खिळ्याच्या वर, बाहेरच्या अंगाला, उडत्या चिमणीची छाप असते. ती नवऱ्याने कोरली. चिमणी त्याला जमली नाही, ती कबुतरासारखी दिसते, पण लोक चिमणी छाप म्हणू लागले आणि चिमणी झाली. नवऱ्यामागे छापेची नोंदणी माझ्या नावावर आहे.

चार घरं सोडून राहणारी शिंपीण या उन्हाळ्यात कात्री घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "काकू, हात गेला का हो तुमचा?"

मी म्हटलं, "आधी बस तरी."

"बसते कसली! ही बघा. नवी घेतली तुमचीच. कापड कापते की चावते तेच कळत नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाउज वाया गेला."

कात्रीवर चिमणी होती. आमच्या चिमणीपेक्षा चांगली होती, चोच वगैरे व्यवस्थित. मी कात्री कानाशी नेऊन मिटली. आवाज पातळ, मध्येच तुटणारा. खिळा काढला. आत जोडखूण नव्हती. पाती आरशासारखी सपाट, एकमेकींशी काही देणंघेणं नसलेली. खिळा काढून आत बघावं असं ज्याने ही बनवली त्याला वाटलं नाही, कारण त्याच्याकडे नमुना गेला तो खिळा बसवलेला. नमुना कोणी पाठवला असेल हे मला तेव्हाच कळलं. आमचा माल दुकानांत विकणारा, पण जोडणीला कधी न बसलेला एकच माणूस आहे.

थोरल्याला बोलावलं. तो आला, कात्री बघितली, आणि खोटं बोलला नाही. हे त्याच्या बाजूने इथे नोंदवते.

म्हणाला, "आई, लोक छाप विकत घेतात. कात्री नाही."

"मग नुसती छापच पाकिटात घालून पाठव."

"चेष्टा करू नकोस. तुझी कात्री घेऊन गेलो की दुकानदार हसतात. त्या पैशात बाहेरून आलेल्या पिशवीभर मिळतात. बोथट झाली की फेकतात, दुसरी काढतात. धार लावायला आता कोण जातं?"

"तरी दर महिन्याला माझा माल तू नेत होतास. पैसे आणून देत होतास."

त्याने कात्री टेबलावर ठेवली.

"कुठे विकलास?"

"गोदामात आहे."

"किती?"

"सगळा."

बाहेर चाक चालू होतं. धारवाला पुढच्या महिन्याच्या मालाला धार लावत होता.

मग थोरला बोलला ते सगळं लिहिते, कारण ते खरं आहे. म्हणाला, "बाहेरचा माल चिमणीच्या नावावर खपला म्हणून भट्टी पेटती राहिली. धारवाल्याचा पगार त्यातून गेला. तुझी औषधं त्यातून आली. तुला हे सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी भट्टी विझवून बसली असतीस. नाहीतर काय केलं असतंस, सांग." माझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "ती चप्पल कुठली आहे? इथली?" मी म्हटलं, "कोपऱ्यावरचा मोची होता तोवर त्याच्याकडची घातली. तो बंद पडला, मग ही मिळाली." तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

पण शिंपिणीने हातमागाचं कापड कापायला इथली कात्री मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतली होती. दुकानात चार प्रकारच्या होत्या, त्यांतली तिने चिमणी निवडली. स्वस्त घेणाऱ्याला स्वस्त मिळालं, त्यात फसवणूक नाही. फसली ती आमच्यावर विश्वास ठेवणारी. हे थोरल्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "तिचे पैसे परत देतो." मी म्हटलं, "दे."

छाप मारायचा ठसा ऐरणीवर ठेवून घण घालावा असं मनात होतं. थोरला म्हणाला, "घाल. तिकडे यंत्रावर कोरलेला आहे." वकील म्हणाले, दावा लावा, नोंदणी तुमची आहे, जिंकाल. जिंकेन. मग थोरल्याचा धंदा बंद, आणि धारवाल्याचा पगारही. पोटच्या पोराला कोर्टात उभं करून, धारवाल्याला उपाशी ठेवून मी सुखाने मरेन असं नाही. त्यांना जगवायला ती छाप लागते.

तेव्हा छाप थोरल्याला देत आहे. ठशासह, नोंदणीच्या कागदांसह. अट एकच: त्या छापेवर तो काहीही विकत असेल तोवर धारवाल्याला आज मिळतो तो पगार देत राहावा. त्याने छाप विकली तर घेणाऱ्यावरही ही अट राहील, असं वकिलांनी लिहायला सांगितलं.

नावलौकिक मात्र देत नाही. तो वेगळा करून पुढच्या कलमात लिहिला आहे.

६. गोदामातल्या सगळ्या कात्र्या माझ्या हातच्या आहेत. त्यांवरची चिमणी घासून काढावी. हे काम धारवाल्याने करावं, आणि शक्य तितकं माझ्या डोळ्यांदेखत. त्याला हे सांगितलं तेव्हा तो चाक थांबवून म्हणाला, "काकू, लोक उलटं करतात. खोट्यावरची छाप काढतात."

मी म्हटलं, "खोट्यावरची आता आपल्या हातात नाही."

"मग ओळखायच्या कशा, आपल्या कोणत्या ते?"

"कापल्यावर."

त्याने एका कात्रीवरच्या चिमणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "खोल मारलीय हो बापूंनी. जायला वेळ लागेल." बापू म्हणजे माझा नवरा.

घासलेल्या कात्र्या विकू नयेत. ज्यांचा हात दिवसभर कात्रीत असतो, त्यांना द्याव्यात. पहिली शिंपिणीला, ब्लाउजाच्या भरपाईपोटी नव्हे, तशीच. मग शिवणवर्गातल्या मुलींना. दवाखान्यात पट्ट्या कापणाऱ्या नर्सबाईंना. केशकर्तनालयवाल्याला लांब पातीची द्यावी. मी कधी त्याच्याकडे गेले नाही, पण तो कात्री कंगव्यावर आपटत नाही, हे मी येताजाता पाहिलं आहे. आणि जो दुकानदार हसला त्यालाही एक द्यावी. काही न बोलता द्यावी.

प्रत्येकाला एवढंच सांगावं, की धार गेली तर फेकू नये. धारवाल्याकडे आणावी आणि पैसे मोजून लावून घ्यावी. तो असेपर्यंत.

ही वाटणी शिंपिणीने पाहावी. ती भांडकुदळ आहे, म्हणून तिला नेमत आहे.

७. हे कलम खोडलं आहे. त्यात माझ्या सुनेबद्दल होतं. तिचा यात काही दोष नाही.

८. समोरच्या कुलूपवाल्याला काही देत नाही. कुलपं बनवणं बंद करून त्याने बाहेरची कुलपं विकायला घेतली, तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. मी त्याला भर रस्त्यात "चावीचोर" म्हटलं होतं. ज्याला काही मिळतं तो मृत्युपत्राला साक्षीदार चालत नाही, असं वकील म्हणाले. मग काही न देण्यासारखी माणसं शोधताना पहिलं नाव त्याचंच सुचलं. बोलावल्यावर तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मला काही नाही ना देत?"

"छदामही नाही."

"शिव्या?"

"त्या दिल्या आहेत पूर्वीच."

"मग आणा, कुठे करायची सही." बसल्यावर त्याने हे सगळं वाचलं. पाचवं कलम दोनदा वाचलं. म्हणाला, "माझं पोरगं पण असंच बोललं होतं. तेव्हा तुम्ही बोलणं टाकलंत. मी तर कुलपांवर माझं नावही ठेवलं नाही."

मी त्याला चहा दिला. चावीचोर हा शब्द मी मागे घेते. तेवढी देणगी कायद्यात बसते, असं वकील म्हणतात.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, दोघा साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली. यापुढे भर घालायची नाही.

सही : कात्री जोडणारी

साक्षीदार : समोरचा कुलूपवाला
साक्षीदार : डॉक्टरीणबाई (मृत्युपत्र करणारी शुद्धीवर असून तिला सगळं समजतं, याची खात्री केली आहे.)

ठिकाण : कारखान्यामागची खोली
दिनांक : महिन्याचा शेवटचा सोमवार

ही भर नव्हे, मंगळवारची नोंद आहे. सकाळी थोरला आला. उभ्यानेच वाचलं. सहाव्या कलमावर थांबला, मान वर केली, पुन्हा खाली घातली. म्हणाला, "छाप दिलीस ना. मग झालं." नोंदणीचे कागद आणि ठसा पिशवीत घातला, गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. धारवाल्याने हातगाडीवरून पहिले खोके आणले. वरच्या थरातल्या कात्र्या चांगल्या होत्या. खालच्यांना गंज चढला होता, तेल द्यायला कोणी गेलं नव्हतं. चांगल्या एकीकडे काढल्या. धारवाल्याने चाक सुरू केलं. मी खुर्ची जवळ ओढून बसले.