मशीनवरचा विणलेला रुमाल

आई,

घर सामसूम होतं आणि हवा शुद्ध करायचं मशीन एकदम टीं-टीं करायला लागलं. तुमची झोप मोडली नाही, बरं झालं.

धूळ बसू नये म्हणून तुम्ही त्यावर रुमाल विणून घातला होता ना, तो मी धुवायला काढला आणि मशीनवरचा प्रदूषणाचा आकडा पंचवीसवरून एकशे चाळीसवर गेला. बाजूच्या जाळीतून ते हवा ओढतं. रुमालाने त्याचं नाकच दाबलं होतं. चूक माझी, मी सांगितलंच नव्हतं. तुमचा लेक हसलाच, तर म्हणा, माहितीपुस्तक रद्दीत कोणी घातलं?

जाळी कोरड्या ब्रशने झाडलीय. ओलं फडकं लावू नका. खिडक्या बंदच असू द्या.

आकडा बघून बाहेरचीही हवा चांगली आणि छकुलीचा खोकलाही बरा झाला असं समजून आठवडाभर तिला बाहेर खेळू दिलं, म्हणून तिची छाती डॉक्टरांना दाखवून आणते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. रुमाल वाळला की तिच्या औषधाच्या डब्यावर घालू.

चपला घालता घालता ती विचारतेय, "मशीन खोटं सांगत होतं, तर मग मी बरी झाले होते, तेपण खोटंच का?"