चार उजवे

९ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा पाचशे यार्डांवर. दहातल्या सहा गोळ्या टारगेटवरच्या काळ्या गोलाच्या बाहेर. मला वाटलं नेम धरायची साइट हलली. हवालदार तुळशीराम भाऊ मागं दुर्बिणीशी बसले होते. म्हणाले, "रायफल बराबर आहे, प्रज्ञा. तू वाऱ्यालेच विचारलं नाई."

आमच्या पोलिस टीमला वारा सांगायचं काम भाऊंचं. जानेवारीअखेर रिटायर होतात, म्हणजे डिसेंबरची नागपूरची स्पर्धा त्यांची शेवटची. नेमबाज आम्ही चौघं, त्यात बाई मी एकटी.

वाऱ्याच्या नोंदींची वही वेगळी केली. ती भाऊ तपासतात. ही माझी.

१३ नोव्हेंबर
दिवसभर रायफलला हात नाही. नुसती दुर्बीण. डोळा सुजला.

टारगेटवर नाही, त्याच्या थोडं अलीकडं फोकस करायचं. मग तापलेल्या जमिनीवरची हवा हलताना दिसते. पुस्तकात मिराज, भाऊ झळ म्हणतात. ती डावीकडून उजवीकडं वाहिली तर वारा डावीकडून. गोळी उजवीकडं ढकलली जाणार, म्हणून साइट डावीकडं फिरवायची, एकेक खाच, म्हणजे क्लिक, मोजून. एवढं दोन मिनिटांत समजलं. वारा किती, आणि माझं बोट दाबेपर्यंत टिकेल का, ते दिवसभरात नाही समजलं.

"धानाच्या बांधीतलं पाणी वाहते ना, तसं पाहाचं," भाऊ म्हणाले. "अन सरळ वरतं उकळाले लागलं की बोट काढून घ्याचं. तवा वारा पलटून राह्यला असते."

१५ नोव्हेंबर
झळ उकळतानाच दाबलं. गेली बाहेर. भाऊंनी डबा उघडला, अर्धी भाकर मला दिली.

२२ नोव्हेंबर
दहापैकी नऊ काळ्यात! त्यातल्या चार भाऊंनी सांगायच्या आधी मीच साइट फिरवली होती.

एकदा वाद झाला. भाऊ म्हणाले थांब, वारा पडून राह्यला. मला समोरची वाऱ्याची झेंडी चांगली फडकताना दिसत होती. मी मारली आणि बसली मधोमध. भाऊ हसले. "बसली. पण झेंडीले भुलू नको. झेंडी आपल्याजवळची. गोळीले लंबं जा लागते."

घरी येईपर्यंत ते वाक्य विसरले. डोक्यात फक्त नऊ.

३ डिसेंबर
टीमचे साहेब रेंजवर. सगळ्यांसमोर म्हणाले, "या वर्षी मुंबईच्या निवड शिबिराला आपल्याकडून एक तरी नाव गेलं पाहिजे." पाहत माझ्याकडं होते. नंतर टीममधला एक जण मागून, ऐकू येईल असं, "बाईमाणूस म्हणून."

दात आवळून घरी आले. गावी वडशाला आईला फोन केला, तिला यातलं काही सांगितलं नाही.

१२ डिसेंबर
नागपूर. तिसरे आलो. दुसऱ्या नंबराला तीन गुण कमी पडले. शेवटची गोळी माझी होती.

आज लिहवत नाही.

१३ डिसेंबर
लिहिते. इथं तरी.

शेवटची गोळी. साइटवर चार डावे क्लिक लावलेले. भाऊ माझ्या कानाजवळ, माझ्या एका कानावरचं झाकण वर केलेलं. बाकी तिघांच्या कानांवर झाकणं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

भाऊ म्हणाले, "थांब. उकळून राह्यलं." थांबले. मग, "पलटला. चार उजवे घे."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण झेंडी अजून तशीच डावीकडचा वारा दाखवत होती. मला वाटलं, म्हातारा घाबरला. वेळ संपत आली होती. साइटला हात न लावता मारली.

डावीकडं, पार पांढऱ्यात. वारा खरंच पलटला होता. झेंडी नंतर फिरली, गोळी गेल्यावर.

साहेब आले. "इतकी डावीकडं कशी काय गेली?"

मी म्हणाले, "भाऊंनी सांगितलं तेच लावलं होतं, सर. चार डावे."

तोंडातून कसं निघालं, असं लिहिणार होते. पण तसं नाही. निघायच्या आधी मला ठाऊक होतं काय निघणार आहे.

भाऊ माझ्याकडं बघत राहिले. "मी उजवे म्हनलो ना वो?"

"डावे म्हणालात, भाऊ."

ते चिडले नाहीत. चिडायला पाहिजे होते. नुसतं म्हणाले, "असंन. तोंडातून निंगालं असंन." साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हवालदार, आता घरी बसा. वय झालं तुमचं."

परतताना गाडीत भाऊ पुढच्या सीटवर. मी झोपेचं सोंग घेतलं, ते चंद्रपूरपर्यंत.

१९ डिसेंबर
मुंबईच्या शिबिरासाठी माझं नाव. एप्रिलमध्ये. साहेबांनी कागदावर लिहिलं की शेवटची गोळी नेमबाजाची चूक धरू नये, वाऱ्याचा कॉल चुकीचा होता.

पेढे वाटले. भाऊंनी अर्धा घेतला. म्हणाले, "चांगलं झालं पोरी. माह्यामुळं तुहं राह्यलं असतं तर मले झोप नसती लागली."

२ जानेवारी
वारा वाचणं सुटलंय. झळ बघते आणि काय दिसलं ते मनात दोनदा म्हणून बघते. डावा, डावा. उजवा, उजवा. मारते तोवर बदललेलं असतं.

३१ जानेवारी
भाऊंचा निरोप समारंभ. शाल, नारळ, फोटो. बोलायला उठले आणि दोन वाक्यांत बसले. "सगळ्यायनं सांभाळून घेतलं. शेवटी थोडी चूक झाली माह्याकडून, तेवढी माफ करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

१५ फेब्रुवारी
आरमोरीला एका लग्नाला गेले होते. भाऊंचं गाव तिथून जवळ. जायचं नव्हतं. गेले.

दारात त्यांच्या मंडळी, शांताबाई. खूप आनंदल्या. "तूच का वो प्रज्ञा? रोज नाव घेतात तुहं." चहा, चिवडा. भाऊ आतून आले. बारीक झालेत. हात जोडले तेव्हा दिसलं. दोन्ही हातांच्या पाठीवर निळ्या बॉलपेननं अक्षर. एकावर 'डा', एकावर 'उ'.

मी बघितलेलं त्यांनी बघितलं. हात खाली घेतले.

शांताबाई चहाचे कप उचलता उचलता सांगत होत्या, जशा पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात. "यायच्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. पहिले डावं-उजवं भुलले, मंग माणसं. शेवटी बायकोले नाई ओळखलं. त्या नागपूरच्या दिवसापासून यायनं गाडी चालवणं सोडलं. म्हणतात, मी उजवीकडं वळतो म्हणून डावीकडं वळलो अन कुणाले उडवलं तर? डॉक्टरले दाखवलं. डोक्याच्या फोटोत काई नाई म्हणते. गोळ्या चालू आहेत."

"सोड ना ते," भाऊ म्हणाले. मग मला, "मुंबईची तयारी कशी काय? झेंडीले भुलून नाई राह्यली ना?"

मी म्हणाले, नाही.

आणि उठले. बस सुटेल म्हणाले. बस सुटायला तास होता. स्टँडवर बसून राहिले.

१६ फेब्रुवारी
मी फक्त त्यांचं नाव खराब केलं असं समजत होते. मी त्यांच्या डोक्यात शिरले. माणूस आपल्याच जिभेला घाबरतो आहे, आणि जीभ तर बरोबर बोलली होती.

२० फेब्रुवारी
फोन लावला. भाऊंनीच उचलला. "बोल पोरी." मी तब्येत विचारली. गोळ्यांनी दिवसभर गुंगी येते म्हणाले. धान विकायचं काम आता पुतण्याकडं दिलं. मी म्हणाले, काळजी घ्या.

काळजी घ्या!

२४ फेब्रुवारी
सरावात दहापैकी आठ. साहेब खूश. मुंबईला जायला सहा आठवडे. सांगितलं तर नाव कापणार, हे नक्की. वर चौकशी. टीममधला तो एक जण काय म्हणेल तेही माहीत आहे. आई वडशात सगळ्यांना सांगत फिरते की पोरगी मुंबईला चालली.

हे सगळं लिहून वाचलं. एवढंच आहे पारड्यात. दुसऱ्या बाजूला एक माणूस हातावर अक्षरं लिहून फिरतो.

१ मार्च
गेले. रविवार. सकाळच्या बसनं.

भाऊ अंगणात खाटेवर. शांताबाई मागं गोठ्यात. बसलेच नाही, उभ्या उभ्या बोलले, नाहीतर परत चहा आला असता.

"भाऊ, तुम्ही नागपूरला उजवे म्हणाला होतात. चार उजवे. मी ऐकलं होतं. मी साइट फिरवली नाही. साहेबांना खोटं सांगितलं, तुम्हालाही."

त्यांनी मग विचारलं, "उजवे म्हनलो होतो?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं, भाऊ. पलटला म्हणालात, मग चार उजवे घे म्हणालात."

"पलटला म्हनलो," ते म्हणाले. "हो. म्हनलो होतो." डोळे मिटले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. हाक मारली, "शांता, इकडं ये वो."

त्या आल्या, हात शेणाचे. भाऊ मला म्हणाले, "आता हिले सांग. जसं मले सांगितलं तसंच."

परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्यांदा निदान धाडस केल्यासारखं वाटलं होतं.

शांताबाई आधी समजल्याच नाहीत. "म्हंजे यायले काई झालं नाई?"

"नाही, बाई."

"मंग त्या गोळ्या?"

त्यांनी हात लुगड्याला पुसले.

"तू मागच्या बारीले आली होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "इथीच बसली होती. मी तुले यायचं सारं सांगितलं. तू चहा पेली अन गेली."

"हो."

"काऊन वो?"

का, एवढंच विचारत होत्या. भीती वाटली म्हणाले. त्या म्हणाल्या, "भ्याव तर आमाले वाटून राह्यलं होतं," आणि परत गोठ्यात गेल्या.

मी पाया पडायला वाकले. भाऊंनी पाय मागं घेतले. रागानं नाही. पण घेतले.

"साहेबाले सांगितलं?"

"अजून नाही."

"मंग मले एकट्याले सांगून तू कायले आली?" ते म्हणाले. "मी घरी बसलोच आहो. तिथी माह्या नावावर चूक लिहून आहे."

२ मार्च
साहेबांकडं गेले. मीटिंगमध्ये होते. खरंच होते. तरी बरं वाटलं, त्याचीही लाज.

३ मार्च
लिहून दिलं. एक पान. तीनदा फाडलं, कारण प्रत्येक वेळी कुठूनतरी 'गडबडीत' हा शब्द येत होता. गडबड नव्हती. शेवटी तो शब्द न घालता दिलं.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. "मॅडम, हे आता कशाला? हवालदार रिटायर झाले. त्यांची पेन्शन सुरू झाली. कुणाचं काय अडलं?"

सांगितलं काय अडलं ते. हातांवरच्या अक्षरांचंही सांगितलं. साहेब खिडकीकडं बघत होते. ते वाक्य त्यांचंच होतं, 'वय झालं तुमचं'. त्यांना आठवलं की नाही माहीत नाही.

"ठेवा इथं. मी बघतो. तोवर सराव बंद करू नका."

कागद फायलीत गेला की फायलीखाली, नीट दिसलं नाही.

७ मार्च
साहेब रेंजवर आले. कागदाचं काही नाही. टारगेटवर माझ्या गोळ्या कशा बसल्या ते बघितलं, मान हलवली, गेले. टीममध्ये कुणाला काही माहीत नाही. पाठीवर थाप देतात. मी दूर सरकते, त्यांना वाटतं गर्व चढला.

भाऊंना तीनदा फोन. उचलला नाही.

१० मार्च
आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसानं तुले भाकर दिली होती ना?" मी कधी सांगितलं होतं तेही आठवत नाही.  फोन तिनंही ठेवला नाही, मीही. 

१३ मार्च
साहेबांना परत विचारलं. "वर पाठवायचं की नाही ते ठरवू. मुंबई होऊन जाऊ द्या." म्हणजे तिथं माझी निवड झाली तर कागद राहीलच फायलीखाली. मी म्हणाले, मुंबईच्या आधी पाठवा सर, नाहीतर मीच पाठवते.  साहेब म्हणाले, "विचार करून बोला." उद्याची वेळ दिली, अकराची.

संध्याकाळी फोन. भाऊंचा नंबर. आवाज शांताबाईंचा.

"ते विचारून राह्यले. साहेबाले सांगितलं का म्हणून."

"लिहून दिलं, बाई."

"काय म्हनला साहेब?"

"अजून काही नाही. उद्या अकराला बोलावलं."

तिकडं भाऊंचा आवाज आला, लांबून. शब्द कळले नाहीत. शांताबाईंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "म्हणतात, झालं की सांग. तवा बोलीन."

मी गोळ्या बंद केल्या का ते विचारायला तोंड उघडलं. फोन ठेवला गेला होता.