स्प्रिंगला आवाज नसतो

ता. ९, रविवार सकाळ

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही, कारण तू "बरे आहेत" म्हणणार आणि माझा विश्वास बसणार नाही. इकडे सगळं ठीक. माझी साखर आटोक्यात आहे, आपली पोरगी डावरी दोन वेळा जेवते, कारखान्याच्या छपराची गळती अखेर थांबली. तुझं पत्र मिळालं. वरची खोली रंगवून घेतलीस हे वाचून आनंद झाला. त्यावर नंतर येतो.

आधी कारखान्यातली गंमत सांगतो. गंमतच म्हणू.

रुग्णाला खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवणारं आपलं यंत्र, ज्याला तू 'माणसांची क्रेन' म्हणतेस, ते आता जुनं झालं. नवं काढायचं आहे. तीन कल्पना समोर होत्या. एक मोटर आणि बॅटरीची, ती मास्तरांची. मास्तर म्हणजे आमचे थोरले इंजिनियर. पाणी मागितलं तरी धडा शिकवल्यासारखं मागतात. दुसरी पायानं दाबायच्या तेलाच्या पंपाची, ती दोघा पंपवाल्यांची. तिसरी आपल्या डावरीची. मोटर नाही, तेल नाही. एक जाड स्प्रिंग रुग्णाचं वजन तोलून धरते, नर्सनं नुसता हात लावायचा. तिनं लोखंडी नळ्या जोडून कच्चा नमुना केला, त्यात मी स्वतः बसलो. माझ्यासारखं धूड तिनं एका हातानं उचललं, तेही डाव्या.

निवड कशी होते सांगतो. जुनं यंत्र खोलीच्या मधोमध उभं करायचं. मुद्दे आणि कुठल्या मुद्द्याला किती वजन, हे कल्पना बघायच्या आधीच ठरलेलं असतं. नाहीतर जो तो आपल्या नाकाच्या मापाचा चष्मा घेऊन येतो. मग एकेका मुद्द्यावर प्रत्येकानं तोंडी सांगायचं: जुन्यापेक्षा बरं, तसंच, की वाईट. मी तिथे बसत नाही. मालक समोर असला की लोक मालकाच्या भुवया बघून गुण देतात. मी शेजारच्या केबिनमध्ये दार किलकिलं ठेवून कामात असल्याचं सोंग करतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. तू आत साखरेच्या डब्याचं झाकण उघडलंस की मला अंगणात कळायचं.

शिवाय एक नियम आहे, माझाच. ज्याची कल्पना निवडली जाईल त्यानं ती शेवटपर्यंत न्यायची. यंत्र इस्पितळांत पोचून तक्रारी थांबेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. कोकिळेसारखं अंडं घालून उडून जायचं नाही. यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

मंगळवारी बैठक बसली. स्प्रिंगची पाळी आली. उचलायला जोर? मास्तर म्हणाले, बरं. पंपवाले म्हणाले, बरं. डावरी म्हणाली, वाईट. धुवायला? वाईट. दुरुस्तीला? वाईट. मला आधी अभिमानच वाटला. बापाचा कारखाना, पण पोरगी स्वतःच्या कल्पनेला झुकतं माप देत नाही. मग आवाजाचा मुद्दा आला. मास्तरांच्या तोंडातून 'आवाज' पुरता बाहेर पडला नव्हता, तेवढ्यात ती म्हणाली, "वाईट."

अक्का, स्प्रिंगला आवाज नसतो. आणि तुलना कशाशी, तर आपल्या जुन्या खडखड्याशी.

आत कुणीतरी हसलं. मास्तर म्हणाले, "बाई, स्वतःच्या यंत्रावर एवढा राग?"

"आहे ते सांगितलं," ती म्हणाली.

मोटर पुढे गेली, केसभरानं.

संशय आला की मी चहा मागवतो. मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, पोरीला काही बोललात का?"

"मी काय बोलणार, मालक?"

"मोटरवाल्यांचा माणूस हल्ली तुमच्याकडे फार येतो."

"तो माझा मेहुणा आहे."

"हे तर आणखी वाईट."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मालक, आवाजात मी माझ्याच मोटरला वाईट दिलं आणि तिच्या स्प्रिंगला बरं. तुम्ही ऐकलं असेलच. दार उघडं असतं हे सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना, म्हणजे डावरीलाही. मग ते 'वाईट' नेमकं कुणाला ऐकवलं होतं?

ते डोक्यातून जाईना. ती काय म्हणाली त्यापेक्षा कधी म्हणाली ते. लहानपणापासून ती खोटं बोलते तेव्हा प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. "दूध संप..." "संपवलं." आणि खरं सांगायचं असलं की थांबते. मागच्या वर्षी फाटकावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'आणि कन्या' रंगवून घेतलं, तुला फोटो पाठवला होता. तिला विचारलं, कशी दिसते. माझं 'कशी' होतंय तोच ती म्हणाली, "छान." त्या दिवशी माझे कान कुठे गेले होते कोण जाणे.

निकाल केसभराचा असला की आमची मंडळी एखाद्या मुद्द्याचं वजन थोडं हलवून बघतात, निकाल उलटतो का ते. मी मुद्दे तसेच ठेवले आणि नियम हलवला. शुक्रवारी खोलीत जाऊन म्हटलं, कल्पना कुणाचीही निवडा, पुढे मास्तर नेतील. परत एकदा मोजा. केबिनमध्ये आलो आणि या खेपेला दार पुरतं लावून घेतलं. दार पातळ आहे.

"आवाज?" मास्तरांनी विचारलं.

ती थांबली. मी पेन खाली ठेवलं.

"बरं," ती म्हणाली.

धुवायला? थांबली. बरं. दुरुस्तीला? "तसंच. स्प्रिंग बदलायला दोन माणसं लागतील." एकेक उत्तर तोलून मापून. स्प्रिंग जिंकली, आणि केसभरानं नाही.

मास्तर कागद घेऊन सहीला आले. माझ्याकडे बघेनात.

"मास्तर, तुम्हाला कळलं ना?"

"मला फक्त यंत्रांतलं कळतं, मालक," म्हणाले आणि गेले.

आता तुझ्या खोलीवर येतो. तुझ्या घरी माणसं दोन. भावोजी जिना चढत नाहीत, तुझे गुडघे हे असे. वरची खोली कुणासाठी रंगवलीस? आणि तुला फिका हिरवा रंग कधीपासून आवडायला लागला? जन्मभर पांढऱ्याखेरीज दुसरा डबा घरात येऊ दिला नाहीस. फिका हिरवा कुणाला लागतो ते मला माहीत आहे, कारण इथली तिची खोली मीच रंगवली. हल्ली ती गच्चीवर जाऊन फोन करते, आणि "हो, आत्या" म्हणताना आवाज खाली आणते. तिकडे नोकरी आहे, शिक्षण आहे की कुणी माणूस आहे, ते मला लिहू नकोस. लिहिलंस तर मला कळल्यासारखं वागावं लागेल.

नियम परत आणणं अवघड नव्हतं. मालकाला एक ओळ पुरते, की पोरगी तीन वर्षं इथून हलत नाही. काल दिवसभर तो कागद टेबलावर होता. संध्याकाळी तिनं विचारलं, "बाबा, सही झा..."

"झाली," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. कान तिचेही माझेच आहेत.

आज उठल्यावर पहिलं ते काम केलं. कल्पना: स्प्रिंग. पुढे नेणार: मास्तर. सही केली आणि तुला लिहायला बसलो.

भावोजींना नमस्कार. त्यांनाही सगळं माहीत असणार, असा मला दाट संशय आहे.

एक काम कर. त्या खोलीतलं टेबल खिडकीशी असं लाव की उजेड उजवीकडून येईल. डावीकडून आला की तिच्याच हाताची सावली कागदावर पडते, आणि ती मान वाकडी करून बसते. हे मी लिहिलं म्हणून सांगू नकोस. ती स्वतः सांगेपर्यंत मला काही माहीत नाही, आणि सांगायला लागेल तेव्हा मी तिला वाक्य पुरं करू देईन.

आणि गुडघे कसे आहेत, ते या वेळी जरा थांबून लिही. तुला आता जिन्याखालून रोज वर हाक मारावी लागणार.

तुझा
धाकटा