करड्या शिंगराचा कागद

मुंबई, महालक्ष्मी
ता. १० ऑक्टोबर १९२७

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी काशीरामचा दंडवत. वि. वि. इकडे सर्व ठीक. कापणीला माणसे मिळाली का, ते कळवावे.

एका कामात आपला सल्ला हवा आहे. यंदा आमचे शेट शर्यतीसाठी एक कोवळा अरबी घोडा घेणार आहेत. बसऱ्याहून आलेल्या बोटीतली दोनच शिंगरे निवडीला उरली आहेत, दोन्ही तीन वर्षांची. तालीम देणारे साहेब आजारी पडून पुण्याला गेले, म्हणून शेटनी मलाच पाहायला सांगितले. तबेल्याची वंशावळीची बुके मी सांभाळतो, इंग्रजी वाचतो, त्यामुळे त्यांचा माझ्यावर भरवसा आहे.

एक शिंगरू करडे. छाती जरा अरुंद, पुढचे खूर किंचित आत वळलेले. पण त्याच्याबरोबर सात पिढ्यांचा मोहोरबंद कागद आहे. दुसरे कुमैत, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ काळी. बांधा पाहत राहावा असा. पण कागद नाही. दोन्ही भिकाजी दलालाच्या हाती आहेत. हा आपल्याच चिपळूणचा माणूस. त्याचे आणि माझे मत करड्याकडे आहे. आपण मोठ्या लढाईत बसऱ्याला सरकारी घोड्यांच्या इस्पितळात चार वर्षे काढलीत, म्हणून विचारतो.

घरी सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझ्यावरची माया आहे तशीच ठेवावी.

आपला काशीराम

मिरजोळे
ता. १६ ऑक्टोबर १९२७

चिरंजीव काशीराम यास आत्मारामचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र खळ्यात भात झोडताना मिळाले, म्हणून अक्षरावर तूस दिसेल. तुझी वहिनी म्हणते की, धाकट्या भावोजींना आता माणसांपेक्षा घोड्यांच्या आजेसासऱ्यांची नावे जास्त पाठ आहेत.

मत विचारलेस आणि त्याच पत्रात आपले मतही सांगून टाकलेस. तरी सांगतो. कागद धावत नाही, पाय धावतात. शिंगराच्या समोर उभा राहा आणि गुडघे पाहा; रुंद आणि सपाट हवेत. गुडघ्याखालचे हाड आखूड हवे. त्या हाडामागच्या शिरेवरून बोट फिरव. ती ताणलेल्या सुंभासारखी लागली पाहिजे, भिजल्या दोरीसारखी नव्हे. दौड झाल्यावर बरगडीला कान लावून श्वास कितीत उतरतो ते मोज. खूर आत वळलेला घोडा दोन हंगामांत लंगडतो. असे मी शेकड्यांनी पाहिले.

आणि एक विचारतो. एकाच बोटीतून आलेल्या, एकाच दलालाच्या दोन शिंगरांपैकी चांगल्याला कागद नाही आणि वाईटाला आहे, याचे तुला काही वाटले नाही? चिपळूणचा म्हणून भरवसा ठेवू नकोस. वाशिष्ठीचे पाणी प्यायलेले सगळेच आपले सोयरे नाहीत.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, तो लिहून वाढत नाही.

आत्माराम

मुंबई
ता. २१ ऑक्टोबर १९२७

तीर्थस्वरूप दादांना काशीरामचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आपले पत्र वाचून थोडे वाईट वाटले. मी आता लहान नाही.

दादा, तीन वर्षांचे शिंगरू म्हणजे हिरवी कैरी. अंगावरून तिची पारख होत नाही. पुढे कशी पिकेल ते झाडच सांगते. छाती भरते, पाय सुधारतात, पण रक्त बदलत नाही. आज जे शिंगरू डोळ्यांत भरते ते पाचव्या वर्षी टांग्याला जुंपलेले आम्ही पाहतो. वंशावळ पाहणारे इंग्रज काही वेडे नाहीत. करड्याचा कागद मी स्वतः वाचला. मूळ अरबीत आहे, पण भिकाजीने इंग्रजी तर्जुमा करून आणला आहे. बाप नामांकित कुमैत, आई लाल घोडी, दोघांची नावे त्या मुलखात लहान मूलही सांगेल. मी शेटना करड्याबद्दल चांगले सांगितले आहे. पुढच्या महिन्याच्या मध्यावर सौदा ठरेल.

जयगडचा लवू बोटीवर खलाशी आहे, त्याच्याबरोबर दिवाळीचे सामान पाठवतो. त्यात सौ. मथुरेसाठी एक रेशमी पातळ आहे. शेटनी दिवाळीची भेट म्हणून दिले.

रागावू नये. धाकट्याला पदरात घ्यावे.

आपला काशीराम

मिरजोळे
ता. ३ नोव्हेंबर १९२७

स्वारीच्या सेवेशी मथुरेचा नमस्कार. चौथीपर्यंतच शिकले आहे, चुकले तर समजून घ्यावे.

दिवाळी बरी झाली. आपण नव्हता, म्हणून मुलाने दोनदा विचारले. भात घरात आले, आता कुळीथ पेरायचे आहेत.

पातळ मिळाले. मी नेसले नाही. लवूने सामान दिले तेव्हा खळ्यात चार बायका होत्या. त्याने सहज सांगितले की, हे पातळ भुलेश्वरच्या दुकानात भिकाजी दलालाने निवडले, दुकानदाराशी रंगावरून घासाघीस केली आणि लवूच्या हातात तिथेच दिले. शेटचे नाव त्याने घेतले नाही. मोठे भावोजी ओटीवर बसून ऐकत होते.  त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी आपल्याला काही विचारत नाही. विचारले तर आपल्याला खोटे सांगावे लागेल, आणि एकदा सांगून झालेच आहे. पातळ घडीसकट ट्रंकेत आहे. परत पाठवायचे की ठेवायचे एवढेच लिहावे. तोवर मी जुन्याच लुगड्यात बरी आहे.

मायेची सावली असू द्यावी.

मथुरा

मिरजोळे
ता. ४ नोव्हेंबर १९२७

चि. काशीराम यास आशीर्वाद. मथुरेने तुला लिहिले आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावर मी काही लिहीत नाही. फक्त घोड्याचे लिहितो.

कैरीचा दाखला दिलास, तो आवडला. पण हापूसचे कलम म्हणून रायवळ रोप विकणारे आपल्या बाजारात दर पावसाळ्यात येतात. झाडाचे नाव खरे असेल, पण कैरी त्याच झाडाची कशावरून?

तुझेच पत्र पुन्हा वाच. बाप कुमैत, आई लाल. काशीराम, करड्या घोड्याच्या आईबापांत एक तरी करडे असावेच लागते. हे बुकात नसेल, पण बसऱ्याच्या तबेल्यातला पाणक्यासुद्धा जाणतो. कुमैत आणि लाल यांच्या पोटी करडे शिंगरू मी चार वर्षांत एकदाही पाहिले नाही, आणि तिथे हजारो पाहिली. तेव्हा एक तर कागद खोटा, नाही तर तो या शिंगराचा नव्हे.

तर्जुमा दलालाने आणला म्हणतोस. मूळ कागद दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घे. वाचून घ्यायचा नसेल तर का नाही, ते निदान स्वतःला विचार. मला उत्तर नको.

आत्माराम

मुंबई
ता. २० नोव्हेंबर १९२७

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी काशीरामचे मस्तक. वि. वि. आपले पत्र मिळाल्यावर दोन दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो. कागद खरा निघाला तर दादांना कसे खिजवायचे, हे मनात जुळवत होतो. मग भेंडीबाजारातल्या एका म्हाताऱ्या मौलवींकडे मूळ कागद नेला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि सांगितले की, यात शिंगराचा रंग कुमैत लिहिला आहे, कपाळावर चांद आणि मागचा डावा पाय पांढरा. दादा, ते वर्णन दुसऱ्या शिंगराचे होते, केसाला केस. तर्जुम्यात ती ओळच गाळलेली होती.

करडे शेटच्या गळ्यात मारायचे आणि कुमैत बिनकागदाचे म्हणून स्वस्तात दुसऱ्याच्या नावाने स्वतःकडे ठेवायचे, असा भिकाजीचा बेत. शेटना भरवसा वाटावा म्हणून त्याला माझे इंग्रजी हवे होते. मला त्याचे पातळ मिळाले. आपल्याला खोटे लिहिले, मथुरेला खोटे लिहिले. मला यातले फसवणुकीचे काही ठाऊक नव्हते, हे देवाशपथ खरे. पण ठाऊक करून घ्यायचे नव्हते, हेही खरे. पाय वळलेले मला पहिल्याच दिवशी दिसले होते.

शेटना सगळे सांगितले, पातळाचेही. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले की, खरे सांगितलेस म्हणून नोकरीत ठेवतो, आणि उशिरा सांगितलेस म्हणून तबेल्यात ठेवत नाही. परवापासून मी त्यांच्या कापसाच्या वखारीत गाठी मोजतो. कुमैत शेटनी घेतले. भिकाजी मुंबईत दिसत नाही.

मथुरेला म्हणावे, पातळ लवूबरोबर परत पाठव, मी भिकाजीच्या बिऱ्हाडी टाकून येईन. आपण माझ्यावर संशय घेतलात याचा राग आला होता. आता तो संशय बरोबर होता याचा जास्त येतो. दूर लोटू नये, एवढेच मागणे.

काशीराम

मिरजोळे
ता. १२ फेब्रुवारी १९२८

चि. काशीराम यास आत्मारामचे भरभरून आशीर्वाद. उत्तराला अडीच महिने लागले. चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

लवूकडून कळले की, कुमैत पहिल्या शर्यतीत पाचवा आला. बांधा होता, कुळी होती, तरी पाचवा. तुझी वहिनी हसली. शेटना सांग, घाई करू नये. एक हंगाम त्याला दाणापाणी खाऊ द्यावे. मोहोर यंदा दाट आहे.

आता जे लिहायचे ते लिहितो. माझ्या संशयाला तू बरोबर म्हणालास. तो मला कुठून सुचला, ते तू विचारले नाहीस. बसऱ्याला मी घोड्यांचे पाय तपासून साहेबाला सांगत असे, आणि माझ्या सांगण्यावर घोडे पलटणीत जात. एका ठेकेदाराने मला एक गालिचा दिला. आपल्या माजघरात पाहुणे आले की घालतो, तो. त्या आठवड्यात मी त्याचे आठ घोडे पास केले. त्यातल्या एकाची शीर भिजल्या दोरीसारखी लागली होती. बोट ठेवले आणि उचलले. पुढे तो घोडा खंदकाच्या काठावर कोसळला आणि खाली त्याचा स्वार मेला. खेडकडचा होता. त्याचे नाव मला माहीत आहे. त्याच्या गावावरून मी दोनदा गेलो, उतरलो नाही.

तुझ्यावर संशय घेतला तो तुझा स्वभाव ओळखून नव्हे, माझा आठवून. तू शेटसमोर उभा राहून बोललास. मी साहेबासमोर बोललो नाही आणि दहा वर्षे घरातही बोललो नाही. तेव्हा माझ्या पायांशी मस्तक वगैरे लिहायचे आता सोड. नुसते दादा लिही, पुरे.

यातले घरी कोणाला कळू नये असे आधी लिहिले होते, ते खोडले आहे. हे पत्र मथुरा टपालात टाकायला नेणार आहे. तिला वाचता येते, आणि पाकीट मी चिकटवलेले नाही.

तुझा
आत्माराम