वाद जिंकेल त्यानं चहा ठेवायचा

बाबा, परवा तुमच्या नातीनं टीव्ही बघता बघता विचारलं, "मम्मी, हे 'आय रेस्ट माय केस' म्हणजे काय गं?" मी म्हटलं, समोरच्याच्याच तोंडून आपलं म्हणणं खरं ठरलं, की आणखी न बोलता थांबायचं. वाक्य वकिलांचं, पण मी ते ऐकलं जबलपूरला, सदर बाजारातल्या आपल्या घरच्या स्वयंपाकघरात. आई कढई आपटत म्हणायची, "मी काही रागावून नाही राहिली!" तुम्ही हात जोडून ते वाक्य म्हणायचात आणि मुकाट्यानं उठून चहा ठेवायचात. वाद जिंकेल त्यानं चहा करायचा, हा आपल्या घरचा कायदा. आई मुद्दाम हरायची, असा माझा दाट संशय आहे.

कुंडमच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मात्र तुम्ही हट्टालाच पेटलात. "जंगलातलं गाव, एकटी खोली घेऊन राहशील? काहून एवढी जिद्द करून राहिली?" मीही तुमचीच मुलगी, एकेक मुद्दा खोडत गेले. आणि शेवटी बोलून बसले, "भीती वाटली तर तुम्ही याल ना घ्यायला?" तुम्ही ते वाक्य म्हणालात, पण हळू, हात न जोडता. संपलं, नोकरी गेली, असं मला वाटलं. तुम्ही आधण ठेवलंत, आलं ठेचलंत आणि पाठमोरेच विचारलंत, "सोमवारी पहिली बस कितीची आहे?"

आता तुमची नात नोकरीसाठी पुण्याला निघाली आहे आणि विजय नगरच्या या घरात आमची रोज जुंपते. काल ती एकदम म्हणाली, "नाही जमलं तर तू येशील न, मम्मी?" वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, बाबा. गिळलं आणि उठून चहा ठेवला. "अभी? इतनी गर्मी में?" ती हसली. वाक्याचा अर्थ तिला सांगितलाय, घरचा कायदा नाही. तिकीट कधीचं काढायचं, एवढंच मी विचारलं. त्या दिवशी आलं ठेचताना तुम्ही पाठमोरे का होतात, ते मला काल कळलं.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर खरं लिहून टाकते. कुंडमहून तुम्हाला मी कळवायची, सगळं मजेत आहे. पण सुरुवातीला रोज संध्याकाळी जबलपूरहून येणाऱ्या शेवटच्या बसच्या वेळी मी स्टँडवर जाऊन उभी राहायची. तुम्ही उतरला असतात, तर पेटी उचलून तुमच्याबरोबर घरी आले असते.