बिनरक्ताचा महिना

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. मुक्काम जसोंडी.

आमच्या गोटूला आज चाकू मिळाला. वय वर्षं सहा. लाकडी मूठ, बोटभर पातं, कातडी म्यान, सगळं करदोड्याला घट्ट बांधून. बांधलं माझ्या सासऱ्यांनी, चुडामणमामांनी. थोरली कोमल नऊ वर्षांची, तिला गेल्या साली मिळालाय. केळीच्या बागेत हिंडणाऱ्या पोराकडे स्वतःचा चाकू पाहिजेच, असं मामांचं मत. माझ्या बायकोला, तृप्तीलाही सहाव्या वर्षीच मिळाला होता. ती अजून त्यानेच कांदा चिरते. आमच्या घरात विळी आहे ती शोभेला.

नियम तीन. उघडा चाकू घेऊन चालायचं नाही. हातातून हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आणि रक्त निघालं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांसमोर सांगून चाकू नानांना परत, वर्षभरासाठी. (मुलं मामांना नाना म्हणतात.) कुणी तपासत नाही. ज्याचं त्याने सांगायचं.

त्यांच्याकडे जावयालाही चाकू देतात. मला दिला होता, अकरा वर्षांपूर्वी, मांडवात. नवरदेवाने टोकाला लिंबू खोचून धरायचा असतो. लिंबू पडलं. मी परत खोचायला गेलो ते तळहातातच. अंतरपाटावर डाग. मंगलाष्टकं संपायच्या आत चाकू परत गेला. तेव्हापासून दर आखाजीला माझ्या कुठल्या ना कुठल्या बोटाला पट्टी असते आणि मामा म्हणतात, बघू पुढच्या साली.

आज मात्र मी स्पष्ट बोललो, माझा चाकू मला परत पाहिजे. मामा म्हणाले, जवाईबापू, हा महिना बिनरक्ताचा काढा, तुमचा चाकू तुमच्याकडे.

मला चाकूचं काही नाही. मुलांसमोर आदर्श पाहिजे, म्हणून.

३१ मार्च, सोमवार. बुरहानपूर.

कॅलेंडरवर ३० एप्रिलला लाल गोल केला. अक्षय्य तृतीया. तीस दिवस. अशक्य काहीच नाही. मी पेपर मिलच्या कटिंग सेक्शनमध्ये आहे. (कापतं मशीन. रजिस्टर माझ्याकडे.)

सरावासाठी ऑनलाइन चाकू मागवला. एका चाकूत एकवीस कामं. तृप्तीने विचारलं, बाकीची वीस कुठली? मी म्हटलं, आल्यावर कळेल.

३ एप्रिल, गुरुवार. रात्री ८.

चाकू आला. पॅकिंग इतकं कडक की उघडेना. शेवटी कोमलने तिच्या चाकूने उघडून दिलं. दोन मिनिटांत. मग तिचा चाकू पुसला, म्यानात घातला, अभ्यासाला बसली.

एकवीसपैकी सतरा कामं ओळखू आली.

५ एप्रिल, शनिवार.

मुलांना 'चाकू आणि जबाबदारी' यावर मार्गदर्शन केलं. चाळीस मिनिटं. तेवढ्यात कोमलने चार काकड्या सोलून खिसून कोशिंबीर केली. गोटू झोपला. शेवटचा मुद्दा, म्हणजे घाई करू नये, तृप्तीला सांगितला. ती म्हणाली, तुमची गाडी सकाळी दर वेळी धावत पकडता, तिथपासून सुरू करा.

विषय चाकूचा होता.

८ एप्रिल, मंगळवार.

शाळेतून फोन. पोरीच्या डब्याच्या पिशवीत चाकू सापडला. ताबडतोब या.

हाफ डे टाकून गेलो. गाडीत भाषण तयार केलं: आमच्या घराण्याची परंपरा, मुलांवरचा विश्वास, हल्लीचे घाबरट पालक. मॅडमनी ऐकून घेतलं आणि टेबलावर चाकू ठेवला. माझा. एकवीसवाला. सकाळी सफरचंद कापून घाईत डब्याबरोबर पिशवीत गेला असावा.

मॅडम म्हणाल्या, बच्ची तो बहुत समझदार है. पहिल्याच तासाला येऊन म्हणाली, मॅडम, पापांनी चुकून टाकलाय, तुम्ही कपाटात ठेवा, मी हात लावला नाही. रुमालात धरून आणलाय. कोमलचा स्वतःचा चाकू शाळेत कधीच जात नाही, तो घरी खुंटीवर असतो.

मॅडमनी मला एका कागदावर लिहून द्यायला लावलं की यापुढे काळजी घेईन. मी लिहिलं. खाली कोमलचीही सही घेतली. साक्षीदार म्हणून.

बाहेर आल्यावर कोमल म्हणाली, पापा, शाळेत घाबरलात का? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, मी घाबरले होते. तिला उसाचा रस पाजला.

१३ एप्रिल, रविवार. जसोंडी.

प्रत्यक्ष बागेत सराव. केळीची वाळलेली पानं उतरवायची. मामांनी जुना शर्ट देऊ केला. मी म्हटलं, मामा, सवय आहे.

केळीचा चीक पांढऱ्या शर्टावर पडला की आधी काहीच दिसत नाही. घरी येईपर्यंत तपकिरी. तृप्तीने शर्ट बघितला आणि पोछा करायच्या कपड्यांत टाकला. साबणाचं नावसुद्धा काढलं नाही.

पण रक्त: शून्य. चौदा दिवस झाले. मामांनी पाठ थोपटली आणि गोटूला म्हणाले, बापाकडे लक्ष ठेव रे.

१७ एप्रिल, गुरुवार.

रक्त शून्य. मिलमध्ये सगळ्यांना सांगितलं. कडूभाऊ म्हणाले, चाकू कितीवेळा हातात घेतला? मी म्हटलं, रविवारपासून घेतला नाही, तेच तर कौशल्य आहे.

२० एप्रिल, रविवार. संध्या. ४.१०

टरबूज आणलं होतं, तापीच्या वाळूतलं. तृप्ती म्हणाली, कोमल कापेल. मी म्हटलं, का, बाप घरी नाही का?

डाव्या हाताचा अंगठा.

तृप्ती गच्चीवर पापड वाळत घालत होती, कोमल शेजाऱ्यांकडे. फक्त गोटू होता. त्याने धावत जाऊन कापूस आणला, हळद आणली. दाबून धरा म्हणाला, नानांनी शिकवलंय. मी म्हटलं, बेटा, हे आपल्या दोघांत. त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते नीट कळलं नाही.

संध्या. ६.

शांत डोक्याने विचार केला. टरबूज लाल असतं. रस लाल असतो. जे निघालं ते नेमकं काय होतं, हे शास्त्रीयदृष्ट्या सांगता येणार नाही.

२२ एप्रिल, मंगळवार.

तृप्तीने पट्टीचं विचारलं. मी सांगितलं, मिलमध्ये कागदाने कापलं. ती बरं म्हणाली. कोमल म्हणाली, पण पट्टी तर रविवारपासून आहे, रविवारी मिल कुठे असते? मुलांनी जेवताना बोलू नये, असा नवीन नियम केला.

२५ एप्रिल, शुक्रवार.

गोटू एकदम शहाणा झालाय. संध्याकाळपासून चाकू म्यानाबाहेर काढला नाही. उजवा हात खिशात घालून बसतो, डाव्याने जेवतो. बहुधा माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम. तेव्हा झोपला होता, पण कानावर पडतंच.

२७ एप्रिल, रविवार.

पट्टी काढून पाहिली. जखम छोटी. आता असली काय, नसली काय. आणि नियम बारकाईने बघितला तर रक्त 'निघालं' पाहिजे. माझं कापसाने लगेच थांबवलं होतं. थांबलेल्याला निघालं कसं म्हणणार?

गोटू अजून गप्प. रात्री अंथरुणात विचारत होता, नाना रागावले तर चाकू कायमचा जातो का? मी म्हटलं, तुझा कशाला जाईल, तू झोप.

२९ एप्रिल, मंगळवार.

उद्या आखाजी. नवीन शर्ट काढून ठेवला. पट्टी कातडीच्या रंगाची आणली. चाकू लावायला पट्टा पण आणला. तृप्ती म्हणाली, करदोडा पुरतो. तिला हौस नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. जसोंडी. दुपारी ३.

सविस्तर लिहितो.

पंगतीआधी मामा खाटेवर बसले. शेजारी माझ्या सासूबाई मालूबाई. मामांच्या हातात चिंधीत गुंडाळलेला माझा चाकू. सासूबाईंनी सांगितलं, अकरा वर्षं दर दिवाळीला मामा त्याला तेल लावून ठेवतात. जावयाचा आहे, गंजायला नको म्हणून. मला माहीत नव्हतं.

मामांनी कोमलला विचारलं. ती म्हणाली, नाही निघालं. दुसरं वर्ष. शाबास.

मग मला. जवाईबापू?

तृप्ती आमरसाच्या पातेल्यात बघत होती. मी म्हटलं, नाही.

मामांनी चाकू चिंधीतून काढून माझ्यासमोर खाली ठेवला. मी उचलला. हलका आहे. हातात छान बसतो. नवीन पट्ट्याला लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या अंगणात ताठ उभा राहिलो.

मग गोटू. मामांनी विचारायच्या आत त्याने खिशातून उजवा हात काढला. तर्जनीला माझ्याच पट्टीच्या डब्यातली पट्टी, वाकडीतिकडी लावलेली. म्हणाला, नाना, शुक्रवारी पेन्सिल सोलताना लागलं. थोडंच निघालं, पण निघालं.

करदोड्याची गाठ त्याला सुटेना. दातांनी सोडवली. चाकू नियमाप्रमाणे खाली ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, पण रडला नाही. मग माझ्याकडे बघितलं. कापूस त्यानेच आणला होता. त्याने माझं नाव घेतलं नाही. नुसतं बघितलं, आणि नाक पुसलं.

पट्ट्याचं बकल नवीन होतं, निघायला वेळ लागला. मी माझा चाकू गोटूच्या चाकूशेजारी ठेवला. म्हटलं, मामा, वीस तारीख. टरबूज.

मामा म्हणाले, अंगठा फाटकातून आत आला तेव्हाच बघितला होता. तुम्ही काय म्हणता तेवढं ऐकायचं होतं.

मला लाज वाटली. फार वाटली. इथे लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही.

मामांनी दोन्ही चाकू एकाच चिंधीत गुंडाळले. मग निकाल दिला. गोटू न विचारता खरं बोलला, त्याला दिवाळीत परत देतो. जवाईबापूंचं बघू पुढच्या आखाजीला.

मी म्हटलं, मामा, मी पण खरं बोललो. ते म्हणाले, हो, दुसऱ्या खेपेला.

पंगतीची पानं कोमलने कापली. माझ्या वाटेचं पान एकदम सरळ होतं.

१ मे, गुरुवार. बुरहानपूर.

नवीन संकल्प. पूर्ण वर्ष बिनरक्ताचं. एकवीस कामांचा चाकू तृप्तीच्या स्वाधीन केला. तिने त्यातल्या अठराव्या कामाने बाटलीचं झाकण उघडून दाखवलं.

सासूबाईंनी आंबे दिलेत. दुपारी कोमलने कापले. फोडी ताटात, आणि मी आणि गोटू ओट्यावर एकेक कोय घेऊन बसलो, कोपरापर्यंत रस. गोटूने विचारलं, पापा, दिवाळीत माझा चाकू आला की तुमचं मी कापून देऊ का? मी म्हटलं, दे.

तो म्हणाला, तोपर्यंत कोयच खाऊ. तिला चाकू लागत नाही.